फॉर्मवर तू ‘बहीण’ लिहिलं होतंस

विजूताई,

फोन आला तेव्हा मी ‘नाही’ म्हणाले. बाकी काही बोलायच्या आधी हे सांगून टाकते, कारण हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

दुपारची वेळ होती. सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई समोरासमोर बसून कोथिंबीर निवडत होतो. अनोळखी नंबर होता, हात मातीचे म्हणून मी स्पीकरवर घेतला. पलीकडच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही विजया यांच्या बहीण का? त्या तुझ्या हॉस्पिटलमधून बोलत होत्या. तू ड्युटीवर असताना वॉर्डातच कोसळली होतीस. पण ते मला नंतर समजलं. त्या क्षणी मला फक्त ‘सिस्टर’ हा शब्द ऐकू आला आणि सासूबाईंनी मान वर केलेली दिसली. मी म्हणाले, “नो. फ्रेंड.”

 पलीकडच्या बाई म्हणाल्या की फॉर्मवर तर बहीण असंच लिहिलंय. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्या रकान्यात तू माझं नाव आणि माझा इथला नंबर दिला होतास. तू या देशात चौदा-पंधरा वर्षं नर्स होतीस आणि मला इथे येऊन जेमतेम पाच. म्हणजे मी आल्यावर तू तो रकाना बदलला असणार. त्याआधी तिथे कुणाचं नाव होतं, हा विचार मी एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसल्यावर करत राहिले. बहुतेक कुणाचंच नसेल. स्टेशनांमागून स्टेशनं जात होती आणि माझे हात कोथिंबिरीच्या मातीने बरबटलेले तसेच होते.

मला भीती वाटत होती ताई. तुझ्या जिवाची होतीच. पण खरं सांगायचं तर तिच्या बरोबरीने आणखी एक भीती होती, की आता सगळं बाहेर येणार. तू मरणाच्या दारात होतीस आणि मी माझ्या खोट्याची काळजी करत होते. यासाठी माझी क्षमा माग, असं तू कधीच म्हणाली नसतीस, म्हणून मीच मागते.

पाच वर्षांची असताना मला संस्थेत आणलं. लोक अनाथाश्रम म्हणायचे, आपण मुली ‘संस्था’ म्हणायचो. सांगलीजवळचं ते दोन मजली घर, पुढे पेरूची दोन झाडं. तिथे एक पद्धत होती. नवी लहान मुलगी आली की ती एका मोठ्या मुलीच्या हवाली करायची. तिचे केस, तिची पाटी, तिचं अंथरूण, सगळं मोठीने बघायचं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आपल्या अधीक्षिकांनी, मला तुझ्या हवाली केलं. ‘ही तुझी लहान,’ म्हणाल्या. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. आठ वर्षांची मोठी.

संस्था वाईट नव्हती. दोन वेळचं जेवण होतं, शाळा होती, दिवाळीला नवा फ्रॉक होता. पण भीती वाटली तर ती कुणाला सांगायची, याची जागा कुठल्या वेळापत्रकात नव्हती. बाईंच्या हाताखाली पन्नास मुली. त्या तरी कुणाकुणाला जवळ घेणार? भीती तर सगळ्यांनाच वाटायची. सगळ्यात जास्त ऑफिसातल्या बोलावण्याची, कारण ऑफिसात बोलावलेली मुलगी कधीकधी परत यायचीच नाही. कुणी दत्तक जायची, कुणाला दुसऱ्या गावच्या संस्थेत हलवायचे, कुणाचा कुठलासा काका उगवायचा. आपल्याला नंतर सांगायचे. कधीकधी सांगायचेही नाहीत, नुसती पंगतीत एक जागा कमी व्हायची.

मी घाबरले की तू मला त्या पंगतीतली नावं म्हणायला लावायचीस. कोण कुणाशेजारी बसतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सुमन, रेखा, मोठी लता, छोटी लता, शकू, बेबी. नावं संपेपर्यंत माझं रडं थांबायचं. ही युक्ती तुला कुणी शिकवली होती? विचारायचं राहून गेलं.

मी सात वर्षांची असताना माझं बोलावणं आलं. इचलकरंजीचं जोडपं होतं, भलं होतं. त्यांनी मला नेलं, पायात पैंजण घातले, वेगळी खोली दिली. आणि वेगळ्या खोलीत मी रोज अंथरूण ओलं करायला लागले. तीन आठवड्यांनी ते मला परत घेऊन आले. काकू रडत होत्या, काका ऑफिसात बाईंशी हळू आवाजात बोलत होते, मी बाहेर बाकावर पैंजण काढून हातात धरून बसले होते. ते घेऊन जायचे की ठेवायचे, मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू शाळेतून आलीस, मला बाकावर पाहिलंस आणि काही विचारलं नाहीस. पंगतीत मुलींनी विचारलं तेव्हा तूच सांगितलंस, “नंदा सुट्टीला गेली होती. आता आली.” एवढ्या ठामपणे सांगितलंस की कुणी पुढे बोललं नाही. मलाही वर्षभर तसंच वाटत राहिलं, की मी सुट्टीला गेले होते.

ही गोष्ट मी अभिजितलाही सांगितलेली नाही. मी संस्थेत वाढले हे त्याला लग्नाआधीपासून माहीत आहे. पण मला एकदा नेऊन परत आणून ठेवलं होतं, हे फक्त तुला माहीत होतं. आता जगात ते फक्त मला माहीत आहे. ताई, हे फार भयंकर वाटतं. आपण लहान होतो याला आता माझ्याशिवाय दुसरं कुणी साक्षीला नाही. मीच विसरले तर?

तू अठराची झालीस आणि मिरजेला नर्सिंगला गेलीस. मग इकडे आलीस. मी पुण्यात नोकरीला लागले, तिथे अभिजित भेटला. त्याच्या आईवडलांना काय सांगायचं हा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, कशाला उगाच, सांगू की आईवडील अपघातात गेले आणि मामांनी वाढवलं. मामाही नंतर वारले. रजिस्टर लग्न झालं, माझ्या बाजूने ऑफिसातल्या दोघी आल्या. मला त्या मामांची इतकी सवय झाली की मी त्यांना चष्माही दिला, दम्याचा आजारही दिला.

आणि मग अभिजितला रॅफल्स प्लेसच्या बँकेत काम मिळालं, आम्ही इथे आलो. तू याच शहरात आहेस हे मला ठाऊक होतं. आठ महिने मी तुला कळवलं नाही. नंबर हरवला होता, असं मी तुला नंतर सांगितलं. हरवला नव्हता. तू चारचौघांत मला ‘माझी लहान’ म्हणशील, याची मला धास्ती होती. शेवटी तूच मला शोधलंस. लिटल इंडियात एका भाजीच्या दुकानात मी शेवग्याच्या शेंगा वाकवून बघत होते आणि मागून मराठीत आवाज आला, “मोडतील गं त्या.” मी वळले. तू थकलेली, केस कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. तू मला जवळ घेतलंस आणि मी आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं. तुझ्या लक्षात आलं. तू लगेच हात काढून घेतलेस.

त्यानंतर घरात तू ‘सांगलीची मैत्रीण’ झालीस. तुला ते चाललं. सुट्टीच्या दिवशी जुरोंग ईस्टहून अख्खं शहर ओलांडून तू यायचीस. माझ्या इराला पहिल्यांदा मोठा ताप आला आणि मी हातपाय गाळून बसले, तेव्हा तू ड्युटी संपवून गणवेशातच आलीस. ती दोन दिवस तापाने फणफणली होती आणि तू दोन दिवस तिच्या उशाशी होतीस. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, सख्खी मावशीसुद्धा एवढं करणार नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी चहा टाकायला उठले.

आता त्या भांडणाकडे येते. टाळून चालणार नाही.

इराला शाळेत आपल्या घराण्याचं झाड काढून न्यायचं होतं. बाबांच्या बाजूची सगळी नावं आजीने भराभर सांगितली. मग ती माझ्याकडे वळली, “मम्मा, युअर मदर्स नेम?” मी क्षणभरही न थांबता सांगितलं, सुशीला. संस्थेतल्या आपल्या स्वयंपाकीण बाईंचं नाव. इराने ते छान अक्षरात लिहिलं आणि शेजारी अंबाडा घातलेली बाई काढली. तू सोफ्यावर बसून हे बघत होतीस.

मी तुला खाली सोडायला आले. त्या दिवसांत शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा धूर शहरावर पसरला होता, व्हॉइड डेकवर, म्हणजे आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, एरवी खेळणारी पोरं नव्हती. तिथे तू मला थांबवलंस. म्हणालीस, “तू तिला खोटी आजी दिलीस नंदा. खरं काय ते सांग. आज ना उद्या कुणीतरी सांगेल, त्यापेक्षा तू सांग.”

मी म्हणाले, खोटं बोलायला तूच शिकवलंस. सुट्टीला गेली होती, म्हणून.

तू म्हणालीस, “तेव्हा तू सात वर्षांची होतीस.”

 मग मी तुला दुखवलं. मी म्हणाले, “आपलं काही नातं नाहीये ताई. एका छपराखाली होतो, एवढंच. माझ्या घरात तू पडू नकोस.”

तू तोंडावरचा मास्क नीट केलास आणि ‘बरं’ म्हणालीस. बस स्टॉपकडे गेलीस. मागे वळून बघितलं नाहीस, किंवा बघितलं असशील तर मी तोवर लिफ्टमध्ये शिरले होते.

नंतरचे दोन महिने आपण बोललो नाही. एकदा तुझा मेसेज आला, इराचा खोकला कसा आहे, धुरात बाहेर पाठवू नकोस. मी नुसता एक अंगठा पाठवला. तो अंगठा अजून फोनवर आहे. त्याच्याखाली काही नाही.

हॉस्पिटलच्या काउंटरवर मला पुन्हा विचारलं, तुम्ही कोण? आत फक्त घरच्यांना सोडत होते. या वेळी मी ‘सिस्टर’ म्हणाले. माझं लग्नानंतरचं आडनाव, तुझं वेगळं, चेहरा कुठे जुळत नाही. मला वाटलं, आता कागद मागतील आणि मला इथूनच परत पाठवतील.  पण कुणी काही मागितलं नाही. तू लिहून ठेवलं होतंस ना.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत रक्तस्राव झालाय, तू शुद्धीवर येशील असं वाटत नाही. तुझ्याच वॉर्डातल्या मुली दाराशी उभ्या राहून रडत होत्या. तुझी रूममेट मारिसा, फिलिपिन्सची, जिच्याबद्दल तू सारखी बोलायचीस आणि जिला मी कधी घरी बोलावलं नाही, तिने माझा हात धरला. म्हणाली, तू नंदा, ती तुला तिची छोटी म्हणायची. सात समुद्रांपलीकडच्या एका बाईला तू मला खरं कोण म्हणून सांगितलं होतंस, आणि मी तुला माझ्या घरात मैत्रीण म्हणून बसवत होते. मारिसाने खुर्ची पुढे केली. म्हणाली, बोल तिच्याशी, ऐकू येतं शेवटपर्यंत.

काय बोलू? माफी मागायला तोंड उघडेना. मशीनचा आवाज, तुझ्या तोंडातली नळी, तुझे ते सुजलेले हात. मी पाच वर्षांची असल्यासारखी घाबरले होते. आणि अशा वेळी काय करायचं ते मला एकच माहीत होतं, म्हणून मी पंगतीतली नावं म्हणायला लागले. सुमन, रेखा, मोठी लता, छोटी लता, शकू, बेबी. बेबीच्या पुढे अडले. बेबीशेजारी कोण बसायचं ताई? मी परत पहिल्यापासून म्हटलं, परत तिथेच अडले. तुला विचारायचं तर तू समोर होतीस, आणि विचारता येत नव्हतं. अजूनही मला ते नाव आठवलेलं नाही. रोज प्रयत्न करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

घरी येऊन मी दारातच थांबले. सासूबाईंनी विचारलं, कोण होती ती तुझी? फोनवर सिस्टर म्हणत होत्या. मी म्हणाले, बहीण. त्या म्हणाल्या, “मग तशी आत येऊ नकोस. आधी आंघोळ कर. देवाला शिवू नकोस, सुतक आहे.”

त्या साध्या वाक्याने मी मोडले. तुझ्यासाठी कुणीतरी सुतक धरत होतं. मी आंघोळ करून आले आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. संस्था, मोठ्या बाई, तू. मामा नव्हते हेही सांगितलं.

मला वाटलं होतं तसं आकाश कोसळलं नाही, पण ताई, सोपंही गेलं नाही. तू म्हणायचीस की सांगून टाकलं की मोकळं वाटतं. नाही वाटलं.  सासूबाईंनी विचारलं, अभिजितला माहीत होतं? मी हो म्हणाले. त्यांनी आणखी एक विचारलं, जे कुणीतरी कधीतरी विचारेल म्हणून मी आयुष्यभर घाबरत आले होते, की मग तू मूळची कुठली, कुणाची? मी म्हणाले, मला माहीत नाही. आणि शेवटी त्या म्हणाल्या, “बारा वर्षं मी पितृपक्षात तुझ्या मामांच्या नावाने पान वाढतेय. ते कोण जेवलं मग?”

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांना दोन्ही आलं नाही. त्या उठून आत गेल्या. अभिजितशी त्या अजून नीट बोलत नाहीत. माझ्याशी कामापुरतं बोलतात. पण मंडाईच्या दहनगृहाकडे आम्ही निघालो तेव्हा त्या चपला घालून दाराशी तयार होत्या. इथले बाकीचे सोपस्कार तुझ्या हॉस्पिटलच्या मुलींनी आणि अभिजितने केले. तिथल्या फॉर्मवर मयताशी नातं काय, ते मी लिहिलं. अक्षर वाईट आलं.

तुझी खोली आवरायला मारिसाने बोलावलं होतं. फार काही नव्हतं. कपडे, औषधांची पुस्तकं, आणि इराने तुला वेळोवेळी दिलेली चित्रं, सगळी, तारखा घालून ठेवलेली. एवढ्या तपशिलाने माझ्या पोरीचं बालपण मीसुद्धा जपलेलं नाही. आपलं कुणी जपलं नव्हतं म्हणून तू तिचं जपलंस का? मी ती चित्रं मांडीवर घेऊन बसले आणि मला कळलं की भीतीच्या आड माझ्याकडे आणखी एक गोष्ट होती, ती मी तुला कधी दाखवली नाही. मी जगले ती तुझ्यामुळे, ताई. आठ वर्षांच्या तुझ्यामुळे. एवढं साधं वाक्य होतं.

काल इराला सांगितलं. तू गेल्याला काल बारा दिवस झाले. ती जेवणाच्या टेबलावर बसली होती, सासूबाई ओट्याशी होत्या. मी तिला सांगितलं की मला आईवडील नव्हते, झाडावरची सुशीला माझी आई नव्हती, मी खूप मुलींबरोबर एका घरात राहायचे. तिने विचारलं, मग तुला कोण सांभाळायचं? मी म्हणाले, विजूमावशी. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

इरा नऊची आहे. तिने मनाशी काहीतरी जुळवलं. म्हणाली, “बट शी वॉज स्मॉलर दॅन मी.”

मी हो म्हणाले.

 मी ज्याला इतकी वर्षं घाबरत होते तेच झालं, तिच्या डोळ्यांत ती भीती आली, आपली, संस्थेतली, ऑफिसच्या बाहेरच्या बाकावरची. मी ती तिच्यापासून लांब ठेवली होती आणि आता माझ्याच हाताने तिला दिली होती. तिने विचारलं, “मम्मा, इफ यू अँड बाबा डाय, हू विल टेक मी?”

ओट्याशी भांड्यांचा आवाज थांबला. सासूबाई वळून म्हणाल्या, “मी आहे ना.”

इरा त्यांच्याकडे बघून, इथल्या पोरांसारखा शेवटी ‘ला’ लावत, अगदी शांतपणे म्हणाली, “आजी, यू आर ओल्ड ला.”

कुणी हसलं नाही. सासूबाई हात पुसत येऊन तिच्याशेजारी बसल्या. इरा माझ्याकडेच बघत होती, तिला नाव हवं होतं. माझ्या तोंडात तुझं नाव आलं ताई. दुसरं आलंच नाही. मी म्हणाले, विजूमावशीने घेतलं असतं तुला. तिला विचारलं असतं तर ती लगेच हो म्हणाली असती.

“देन व्हाय यू नेव्हर आस्क?”

“भीती वाटत होती.”

“ऑफ व्हॉट?”

सासूबाईही माझ्याकडे बघायला लागल्या. मी बराच वेळ शोधत राहिले. मला सांगता आलं नाही. तुला आलं असतं.